चोपडी, कपाट आणि क्लाउड : संस्थेच्या हिशेबाची कहाणी



स्मरणिका हातात आली म्हणजे आपण प्रथम काय पाहतो? बक्षीस समारंभाचे फोटो, दहावी-बारावीत पहिल्या आलेल्या मुलामुलींची नावे, मान्यवरांचे शुभसंदेश. आपल्या पाल्याचे नाव कोठे छापले आहे ते शोधतो आणि सापडले की समाधानाने पुढची पाने उलटतो. शेवटी जाहिरातींच्या अलीकडे दोन पाने आकड्यांनी भरलेली असतात. डाव्या बाजूला फंड व देणी, उजव्या बाजूला मालमत्ता, खाली हिशेबतपासनिसांची सही. या पानांवर बहुतेकांची नजर ठरत नाही. आज मी आपणांस मुद्दाम त्याच दोन पानांकडे घेऊन जाणार आहे.

त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत अनेक शिक्षणसंस्था व धर्मादाय संस्था आपले हिशेब चोपड्यांतून आणि कचेरीतल्या संगणकातून काढून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या हिशेबप्रणालीवर नेऊ लागल्या आहेत. क्लाउड म्हणजे ढग. साहजिकच पालक विचारतात, ‘आमच्या पैशांचा हिशेब ढगात गेला म्हणजे नेमका कोठे गेला? आणि तो आम्हांला दिसणार कसा?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

शब्दांची साक्ष

हिशेबाच्या कामात आपण मराठीत कोणते शब्द वापरतो ते एकदा आठवून पाहा. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रोजनामा, दफ्तर. हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि शतकानुशतके वापरात राहून अस्सल मराठी झाले. मुजुमदार हे आडनाव हिशेबाच्या कागदांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून आले. फडणीस म्हणजे मूळचा फर्दनवीस, याद्या व हिशेब लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. तरीही बाजारात आणि घराघरांत ‘जमाखर्च’ हा शब्द टिकून राहिला. यावरून एवढे ध्यानात यावे की हिशेब ठेवणे ही या मातीतील हिंदू-मुसलमानांची सामाईक विद्या आहे. ती आज कोणी परदेशातून आणून आपल्या माथी मारलेली नाही.

जुन्या पद्धतीचा क्रम साधा होता. दिवसभरात जो पैसा आला-गेला तो त्याच दिवशी कीर्दीत, म्हणजे रोजमेळात लिहावयाचा. मग प्रत्येक रक्कम ज्या त्या खात्यावर, म्हणजे खतावणीत चढवावयाची. वर्ष संपले की सगळ्या खात्यांची बेरीज जमवून ताळेबंद करावयाचा. क्लाउडवरील प्रणालीत आजही हेच तीन टप्पे आहेत. पूर्वी मुनीमजी रात्री दिव्याखाली बसून खतावणी करीत, आता ते काम यंत्र क्षणात करते, एवढाच फरक.

आकड्यांचा प्रवासही असाच मनोरंजक आहे. भारतात उदयास आलेली दशमान अंकपद्धती नवव्या शतकात बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथातून अरबी जगात पसरली. उत्तर आफ्रिकेत शिकलेल्या फिबोनाची या इटालियन गणित्याने १२०२ साली आपल्या ग्रंथातून ती युरोपातील व्यापाऱ्यांना समजावून दिली. पुढे १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली या पाद्र्याचा गणितग्रंथ छापला गेला. इटलीचे व्यापारी जी द्विनोंदी पद्धत आधीपासून वापरीत होते, ती या ग्रंथात व्यवस्थित मांडलेली होती. प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी लिहावयाची. पैसा कोठून आला ते एकीकडे, कोठे गेला ते दुसरीकडे. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या नाहीत तर कोठेतरी चूक आहे हे लगेच कळते. विद्यार्थी मित्रांनो, वाणिज्य शाखेत तुम्ही जे ‘डेबिट-क्रेडिट’ शिकता त्याचा पाया हाच.

अमानत

संस्थेच्या हिशेबाला दुकानाच्या हिशेबापेक्षा एक वेगळी जबाबदारी असते. दुकानदाराचा पैसा त्याचा स्वतःचा असतो. तो बुडाला तर नुकसान त्याचे. संस्थेकडे असलेला पैसा मात्र पालकांची फी असते, कोणा विधवेने दिलेली पन्नासाची नोट असते, आखातात राबणाऱ्या मुलाने गावाकडच्या शाळेसाठी पाठविलेली रक्कम असते. हा पैसा पदाधिकाऱ्यांकडे अमानत म्हणून असतो.

अमानतीचा हिशेब लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरामधील २८२ वी, ही नमाज-रोजासंबंधी नसून देण्याघेण्याची लेखी नोंद करण्यासंबंधी आहे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हजरत पैगंबर (स.) यांच्या काळातील एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आला आहे. जकात गोळा करून परतलेल्या एका माणसाने आणलेल्या मालाचे दोन भाग केले आणि एक भाग आपल्याला भेट म्हणून मिळाल्याचे सांगितले. त्यावर त्याची कानउघाडणी झाली. तो घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय, असा तो सवाल होता. हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीत ‘दिवान’ ही राज्याची नोंदवही सुरू झाली. तात्पर्य, हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत आपल्या परंपरेत बसत नाही.

तरीही ती समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. वार्षिक सभेत कोणी उठून खर्चाविषयी विचारले की शेजारचा माणूस त्याचा शर्ट ओढून खाली बसवितो. ‘इतकी वर्षे ते बिनपगारी राबताहेत, त्यांना काय विचारायचे?’ या भिडेपोटी केवढे नुकसान होऊ शकते याचा एक दाखला आपल्याच शैक्षणिक इतिहासात आहे. तो दुःखद आहे, पण प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे.

अलीगढचा धडा

१८५७ च्या उठावानंतर खचलेल्या मुस्लिम समाजाला आधुनिक शिक्षणाकडे नेण्यासाठी सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढ येथे मदरसा सुरू केला. ८ जानेवारी १८७७ रोजी तेथे मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसविण्यात आली. त्यासाठी पैसा उभा करताना सर सय्यद यांनी मानापमानाचा विचार केला नाही. त्यांनी दौरे काढले, लॉटरी काढली, पुस्तके विकली, प्रसंगी रंगमंचावर उभे राहून देणगी मागितली. हैदराबादच्या निजामापासून पतियाळाच्या महाराजांपर्यंत आणि मोठ्या जमीनदारांपासून सामान्य नोकरदारांपर्यंत अनेकांनी मदत केली. देणगीदारांची नावे तेथील इमारतींवर कोरली गेली. ती आजही वाचावयास मिळतात.

अशा कष्टाने जमविलेल्या पैशाचा हिशेब कचेरीतील एका वरिष्ठ कारकुनाच्या हातात होता. तो अनेक वर्षांचा विश्वासू माणूस. १८९५ साली उघडकीस आले की त्याने कॉलेजच्या लाखाहून अधिक रुपयांचा अपहार केला होता. त्या काळचे एक लाख रुपये म्हणजे किती, याची कल्पना आजच्या आकड्यांवरून यावयाची नाही. कॉलेजवर आर्थिक संकट कोसळले. ज्यांनी दारोदार जाऊन तो पैसा आणला होता ते सर सय्यद तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेले होते. या धक्क्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर सहकाऱ्यांनी सर सय्यद स्मारक निधी उभारला. नवाब मोहसिन-उल-मुल्क यांनी १८९९ साली चिटणीसपदाची धुरा घेऊन संस्था पुन्हा उभी केली. १९२० साली या कॉलेजचे विद्यापीठ झाले, हे आपण जाणतोच. संस्था वाचली. पण मधली काही वर्षे ती किती अडचणीत होती, याचा उल्लेख आपल्या भाषणांतून सहसा होत नाही.

वाचकहो, हा प्रसंग सांगताना तो कारकून कोण होता याला मी महत्त्व देत नाही. महत्त्व आहे ते या प्रश्नाला, की इतकी मोठी रक्कम जात असताना ती कोणालाच दिसली कशी नाही? सर सय्यद यांच्या सचोटीबद्दल त्यांच्या विरोधकांनीही शंका घ्यावी असे काही नव्हते. समितीत नामवंत माणसे होती. मग कमी काय पडले? पैशाची वही रोजच्या रोज पाहणारे दुसरे डोळे कमी पडले. द्विनोंदी पद्धत चूक पकडते. पण दोन्ही नोंदी एकाच माणसाने लिहावयाच्या आणि तपासणीही त्याच्याच तोंडी भरवशावर व्हावयाची असेल, तर ती पद्धत बिचारी काय करणार?

कायदा आणि कपाट

महाराष्ट्रातही समाजाच्या शिक्षणसंस्था लहानमोठ्या देणग्यांतूनच उभ्या राहिल्या. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती फंड निघाले.

हिशेबाच्या बाबतीत कायदाही हळूहळू कडक होत गेला. १८६० चा संस्था नोंदणी कायदा होताच. १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याचा तर उद्देशच वक्फ मिळकतींचे हिशेब नीट ठेवले जावेत आणि प्रसिद्ध व्हावेत हा होता. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा आली, नियमित हिशेब ठेवणे आणि ते दरवर्षी तपासून घेणे हे विश्वस्तांचे कर्तव्य ठरले. नियमबाह्य वा गैर खर्च आढळल्यास तो अहवालात दाखविणे तपासनिसांवर बंधनकारक झाले.

या तरतुदींचा उपयोग मोठा आहे. परंतु वार्षिक तपासणी ही वर्ष संपल्यावर होते. एप्रिलमध्ये घडलेली गफलत पुढच्या वर्षीच्या मे-जूनमध्ये नजरेस पडते. तोपर्यंत वह्या असतात कचेरीतल्या लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली असते एकाच्या खिशात.

मग संगणक आला. १९८६ साली बंगलोरच्या श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी हिशेबाची जी प्रणाली बाजारात आणली ती पुढे ‘टॅली’ या नावाने देशभर पसरली. वाणिज्य शाखेतील आपल्या कित्येक मुलामुलींना पहिली नोकरी टॅली येत असल्यामुळे मिळाली. खतावणी आपोआप होऊ लागली, बेरजेच्या चुका संपल्या. पण बहुतेक संस्थांत तो संगणक कचेरीच्या एका कोपऱ्यातच राहिला आणि त्याचा परवलीचा शब्द एकालाच ठाऊक राहिला. लोखंडी कपाटाचे काचेचे कपाट झाले, एवढेच म्हणता येईल.

शिवाय कपाट वाळवीला, आगीला आणि पाण्याला बळी पडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून असंख्य फायली जळाल्या. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण व महाडच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. कोकणातील वाचकांना चिखलात लडबडलेल्या वह्या आणि बंद पडलेले संगणक यांचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

ढगातली चोपडी

आता क्लाउड म्हणजे काय ते पाहू. नाव ढगाचे असले तरी त्यात आकाशात काही नसते. दूरच्या एखाद्या शहरात संगणकांनी भरलेली भक्कम इमारत असते. आपली हिशेबवही त्या संगणकांवर ठेवलेली असते आणि आपण इंटरनेटद्वारे ती उघडतो. वही एकच, पण परवानगी असलेला प्रत्येक जण आपापल्या जागेवरून ती पाहू शकतो. इंटरनेटवरून हिशेब लिहिण्याची सोय देणारी एक कंपनी अमेरिकेत १९९८ सालीच निघाली होती. पण आपल्याकडे स्वस्त इंटरनेट आणि मोबाईल घरोघरी पोहोचल्यावरच हा मार्ग लहान संस्थांच्या आवाक्यात आला. २०१६ साली यूपीआय आल्यावर पालक मोबाईलवरून फी भरू लागले. तेव्हा पैसा एका वाटेने आणि त्याची नोंद दुसऱ्या वाटेने, असे चालणे कठीण झाले.

एक उदाहरण घेऊ. समजा, रमजान महिन्यात तुम्ही गरीब विद्यार्थ्यांसाठी ५,००० रुपये जकात म्हणून संस्थेला दिले. जकात कोणावर खर्च करावी याचे धर्माने घालून दिलेले नियम आहेत. ती रक्कम सभागृहाच्या रंगकामाला किंवा पाहुण्यांच्या चहापाण्याला वापरता येत नाही. जुन्या पद्धतीत तुम्हांला पावती मिळे, रक्कम कीर्दीत चढे, बँकेत मात्र ती फीच्या आणि इतर देणग्यांच्या पैशांत मिसळून जाई. वर्षअखेर जकात फंडात किती आले, किती गेले हे पावतीपुस्तके चाळून काढावे लागे.

क्लाउडवरील प्रणालीत पावती करतानाच त्या रकमेवर ‘जकात फंड’ अशी खूण पडते. ही खूण खर्चापर्यंत तिच्याबरोबर राहते. बँकेचे उतारे प्रणालीत आले की कोणती जमा कोणत्या पावतीची आहे हे जुळवून पाहता येते. पावती फाडली पण पैसे बँकेत भरले नाहीत, असे घडले तर ती नोंद न जुळलेली म्हणून समोर उभी राहते. त्यासाठी वर्ष संपण्याची वाट पाहावी लागत नाही. खजिनदार रत्नागिरीत, चिटणीस मुंबईत आणि हिशेबतपासनीस पुण्यात असले तरी तिघेही एकाच रात्री तीच नोंद पाहू शकतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चांगल्या प्रणालीत कोणती नोंद कोणी, केव्हा केली आणि नंतर कोणी बदलली याची खूण आपोआप राहते. वहीत खाडाखोड दिसते तशी इथेही दिसते, किंबहुना अधिक स्पष्ट दिसते. कारण बदलणाऱ्याचे नाव व वेळ तिथे असते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत अशी खूण राहिलीच पाहिजे, असा नियम सरकारने लागू केला. हा नियम कंपन्यांसाठी आहे. सार्वजनिक न्यास व सोसायट्यांना तो तसाच लागू झालेला नाही. पण दुकानदार कंपनीला जे शिस्त म्हणून करावे लागते, ते अमानत सांभाळणाऱ्या संस्थेने आपणहून का करू नये? धर्मादाय संस्थांच्या हिशेबवह्यांसंबंधी ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर नियमांत जी तरतूद झाली, तिच्यातही वह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्यास मुभा देण्यात आली आणि त्या १० वर्षे जतन करण्यास सांगण्यात आले.

ढगालाही भोक पडते

एवढे वाचून कोणी म्हणेल, चला, आता काळजी मिटली. तसे समजणे मात्र धोक्याचे ठरेल. अलीकडच्या काळातील तीन घटना ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अमेरिकेतील. ब्लॅकबॉड ही कंपनी धर्मादाय संस्था, विद्यापीठे व शाळा यांना क्लाउडवर देणगीदारांच्या व हिशेबाच्या प्रणाली पुरविते. २०२० च्या फेब्रुवारीत चोरट्यांनी तिच्या संगणकांत शिरकाव केला. मे महिन्यात ते कंपनीच्या लक्षात आले. ग्राहकसंस्थांना मात्र जुलैमध्ये कळविण्यात आले. १३,००० हून अधिक संस्थांची माहिती या हल्ल्याच्या तडाख्यात सापडली. कंपनीने खंडणी भरली. पुढे २०२३ साली अमेरिकेतील राज्यांशी झालेल्या तडजोडीत तिला ४ कोटी ९५ लाख डॉलर मोजावे लागले. देणगीदाराने विश्वासाने दिलेला पत्ता व फोन नंबर हीसुद्धा अमानतच आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

दुसरी घटना फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहराची. १० मार्च २०२१ रोजी तेथील एका मोठ्या कंपनीची संगणकांनी भरलेली इमारत आगीत जळाली. ज्यांनी आपल्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांतील अनेकांची माहिती कायमची गेली. म्हणजे ढगालाही आग लागू शकते.

तिसरी आपल्या देशातील. ‘क्विकबुक्स’ या नावाजलेल्या प्रणालीच्या कंपनीने २०२३ साली भारतातील ही सेवा बंद केली. ग्राहकांना आपले हिशेब उतरवून घेऊन दुसरीकडे न्यावे लागले. वही भाड्याच्या घरात ठेवली तर घरमालक केव्हातरी जागा खाली करावयास सांगू शकतो, हे गृहीत धरूनच व्यवहार केला पाहिजे.

आणि या तिन्हींपेक्षा मोठा धोका बाहेरच्या चोराकडून येत नाही, तो आपल्याच सवयींतून येतो. चिटणीस म्हणतात, ‘मला त्या संगणकातले काही कळत नाही, माझा पासवर्ड तूच ठेव.’ खजिनदारांच्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि ते तो फोनवरून कारकुनाला वाचून दाखवितात. नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा अशी प्रणालीत केलेली योजना अशा रीतीने एकाच माणसाच्या हातात येते. कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखाच हा प्रकार आहे. अशा वेळी प्रणाली कितीही आधुनिक असो, आपण पुन्हा १८९५ च्या अलीगढमध्येच उभे असतो.

बदल करताना

म्हणून ज्या संस्था या मार्गाने जाऊ पाहतात त्यांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि त्यांना प्रश्न विचारणाऱ्या पालकांनी काही साध्या गोष्टी पाहाव्यात.

बदल शक्यतो १ एप्रिलला, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभी करावा. तपासून घेतलेल्या ताळेबंदातील शिल्लक हीच नव्या प्रणालीतील आरंभीची शिल्लक असावी आणि तिच्यावर दोन पदाधिकाऱ्यांनी सही करावी. पहिले तीन महिने तरी जुनी व नवी वही बरोबरीने चालवावी. दोन्हींच्या बेरजा जुळल्याशिवाय जुनी बंद करू नये. प्रत्येक माणसाचा प्रवेश स्वतंत्र असावा आणि नोकरी वा पद सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा. नोंद करणाऱ्याने स्वतःच ती मंजूर करू नये. दर महिन्याला संपूर्ण हिशेब उतरवून घेऊन त्याची एक प्रत संस्थेच्या मालकीच्या साधनावर वेगळ्या जागी ठेवावी. सेवा बंद झाली तर आपली माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल हे करार करण्यापूर्वीच विचारावे. या सेवेचे भाडे दरवर्षी द्यावे लागते. तेव्हा तो खर्च अंदाजपत्रकात दाखवावा, ऐनवेळी जकातीच्या पेटीकडे पाहण्याची पाळी येऊ नये.

आणखी एक गोष्ट, ती माणसाविषयी आहे. वीस-पंचवीस वर्षे प्रामाणिकपणे कीर्द-खतावणी सांभाळणाऱ्या मुनीमचाचांना असा बदल आला की वाटते, आता आपल्यावर संशय घेतला जात आहे. त्यांना विश्वासात घेऊन सांगितले पाहिजे की दुसरे डोळे हे प्रामाणिक माणसाचे सर्वांत मोठे संरक्षण असते. उद्या कोणी खोटा आरोप केला तर त्यांच्या बाजूने साक्ष देणारी प्रत्येक नोंद नाव व वेळेसह तेथे हजर असेल. कोणता खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा, कोणत्या देणगीदाराने काय अट घातली होती, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे, यंत्रापाशी नाही. त्यांच्या शेजारी वाणिज्य शाखेची एखादी हुशार मुलगी बसवावी. ती त्यांना संगणक शिकवील आणि ते तिला हिशेब शिकवतील.

आपले काम

पालकहो, ‘हिशेब ढगात गेला म्हणजे कोठे गेला?’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तो एका खिशातल्या किल्लीतून बाहेर आला आहे आणि अनेकांना पाहता येईल अशा जागी गेला आहे. तो पाहावयाचा की नाही, हे मात्र कोणतीही प्रणाली आपल्यासाठी ठरवू शकत नाही. सर सय्यद यांच्याकडे असे साधन नव्हते. आपल्याकडे असूनही आपण ते पाहिले नाही, तर आपल्याला सांगण्यासारखी सबब उरणार नाही.

म्हणून एक विनंती. ही स्मरणिका मिटण्यापूर्वी त्या आकड्यांच्या पानांवर पाच मिनिटे थांबा. गतवर्षीच्या रकमेशेजारी यंदाची रकम ठेवून पाहा. जकात फंडात किती जमा झाले, त्यातून किती मुलांची फी भरली गेली आणि किती शिल्लक राहिले ते शोधा. न समजेल ते कागदावर लिहून ठेवा आणि वार्षिक सभेत आदराने, पण उभे राहून विचारा. शेजारच्याने शर्ट ओढला तर खाली बसू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या तुमच्यापैकीच कोणीतरी उद्या या संस्थेचा खजिनदार होणार आहे. त्या दिवशी आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी अलीगढची ही हकीकत एकदा आठवा. तुमच्या हातात जो पैसा असेल तो तुमच्यासारख्याच एखाद्या मुलाच्या फीचा असेल.